व्याह्यांचा कोळसा

मटणाचा एक तुकडाही जन्मात जिभेला न लावता मटणाच्या कोळशावर शेवटचा शब्द बोलायचा अधिकार मिळवलेला माणूस या पृथ्वीतलावर एकच असेल, आणि तो माझा व्याही आहे. हे मी अभिमानानं सांगतोय की वैतागून, ते माझं मलाच नीट सांगता यायचं नाही. मंगळवार पेठेतल्या आमच्या गच्चीचा कठडा काळाठिक्कर पडलाय तो त्यांच्यामुळं. आमच्या घरात वांगं शिजायचं बंद झालंय ते त्यांच्यामुळं. माझी डावी भुवई उजवीपेक्षा विरळ आहे, तीही त्यांचीच कृपा. आणि तरीही गुरुवार उजाडला, आणि सकाळच्या चहाच्या वेळेला खालून जिन्यातून "पावणं, हाय का घरात?" अशी हाळी आली नाही, तर मला तो चहा गोड लागत नाही.

गृहस्थ जयसिंगपूरचे. पिढीजात भांड्यांचं दुकान. पांढराशुभ्र लेंगा-सदरा, खांद्यावर उपरणं, कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे. घराणं लिंगायत, कर्नाटकाच्या हद्दीलगतचं, त्यामुळं निम्मा राग मराठीत आणि निम्मा कानडीत. आयुष्य भांड्यांत गेल्यामुळं त्यांना दिसेल त्या वस्तूला टिचकी मारून बघायची सवय. पितळेचा तांब्या असो, कलिंगड असो, नवीन घराची भिंत असो, आधी टिचकी, मग कान लावून ऐकणं, आणि मगच मत. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा पाण्याच्या पेल्याला त्यांनी अशी टिचकी मारली, आणि "पातळ हाय. पर चालंल" असं म्हणून पाणी प्याले. आमची मंडळी आत जाऊन तासभर धुमसत होती. लग्नात घेतलेले पेले होते ते, आणि ते पातळ आहेत हे तिला मी तोवर कधी कळू दिलं नव्हतं.

शाकाहार मात्र असा कडकडीत, की विचारू नका. अंडं घातलेला केक त्यांच्या दुकानाच्या फळीवर कुणी नुसता टेकवला, तरी ती फळी धुऊन निघायची. कोल्हापुरात आले की मटणाच्या दुकानाच्या दोन घरं आधीच उपरणं नाकाला जायचं ते दोन घरं पुढं गेल्यावरच खाली यायचं. आता कोल्हापुरात अशी किती दुकानं, हे मी सांगायला नको. स्टँडवरून आमच्या घरी येईपर्यंत बिचाऱ्यांचं उपरणं खांद्यावर कमी आणि नाकावर जास्त असायचं. मी एकदा म्हटलं, "पावणं, एवढं नाक दाबून चालण्यापेक्षा रिक्षा करा की." तर म्हणाले, "रिक्षालाबी दारं न्हाईत."

अशा माणसाची एकुलती एक लेक आमच्या घरात सून म्हणून आली, हीच मुळात मोठी गंमत. आमचा रणजित आणि त्यांची पल्लवी कोल्हापुरात एका कॉलेजात होते. पुढचं काय ते ओळखा. आम्ही मराठे, बुधवार-शुक्रवार-रविवार तांबडा-पांढरा रस्सा ओरपणारे. व्याह्यांनी बरेच दिवस धरलं, ताणलं, शेवटी लेकीच्या हट्टापुढं नाइलाज झाला. लग्नाला आले, अक्षता टाकल्या, आणि न जेवता एस.टी. धरून निघून गेले. त्या दिवशी आमच्या मांडवात साधा मसालेभात आणि जिलेबी होती हो! पण नाही. आणि त्या दिवसापासून लेकीशी बोलणं बंद. म्हणजे अगदीच बंद नाही, तो एक वेगळाच प्रकार होता. लहानपणापासून ते तिला लाडानं 'अव्वा' म्हणायचे. कानडीत अव्वा म्हणजे आई. लग्नानंतर ती अव्वाही राहिली नाही आणि पल्लवीही राहिली नाही. ती झाली 'तुमची सून'. फोन मला यायचा. "तुमच्या सुनंचा खोकला गेला का?" "तुमच्या सुनंला म्हणावं, तिच्या आईनं सांडगं पाठवल्यात." पोरगी माझ्या समोर हातभर अंतरावर उभी असायची आणि मी पोस्टमनसारखा इकडचं तिकडं करायचो. ती ऐकायची, मान हलवायची आणि आत जाऊन भांडी जरा जोरानं आपटायची. बापाचं रक्त, त्यामुळं आपटतानाही भांड्याचा आवाज ऐकून आपटायची.

असं सगळं चालू असताना एक दिवस या दोघांनी नोकऱ्या सोडल्या आणि जाहीर केलं की गारगोटी रोडला हॉटेल काढायचं. नुसतं हॉटेल नव्हे. कोळशावर भाजलेलं आणि धुरावर तासन्‌तास मुरवत शिजवलेलं मटण. भट्टीवर रणजित आणि पल्लवी दोघं उभी राहणार. पल्लवी आता खाते का, तर नाही, तिनं आजही मटण तोंडात घातलेलं नाही. पण ती म्हणाली, "मामा, कापड विकणारा काय सगळे कपडे स्वतः घालतो का?" सासऱ्याला ती मामा म्हणते, आणि मामा म्हणाली की माझं पुढचं बोलणं खुंटतं. मटणाचं हॉटेल, याला माझी हरकत असायचं कारणच नव्हतं. माझी हरकत एकच होती, की हे जयसिंगपूरला कळवायचं कुणी? कळवायचं अर्थातच पोस्टमननं.

मी फोन लावला. आडवळणानं सुरुवात केली, पाऊसपाणी झालं, भांड्यांचा भाव झाला, आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. पलीकडं दुकानात कुणीतरी पातेलं ठेवल्याचा आवाज आला, तेवढाच. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस लेकीच्या नावानं आंघोळ करून मोकळा होतो. मग खोल विहिरीतून यावा तसा आवाज आला, "कोळसा कंचा वापरनार?"

मी म्हटलं, "आँ?"

"कोळसा ओ, कोळसा! मटनाचं मला काय कळत न्हाय, आनि कळून घ्यायचं बी न्हाय. पर दिवसभर तुमची सून धुरात हुबी ऱ्हानार. वंगाळ कोळसा आनला तर डोळं जातील तिचं."

पुढच्या गुरुवारी, म्हणजे त्यांच्या दुकानाच्या सुट्टीदिवशी, स्वारी आमच्या जिन्यात हजर. दोन्ही हातांत पिशव्या, पिशव्यांत कोळसे, सदऱ्यावर काळे डाग. पाणीही न पिता त्यांनी अट घातली. "त्या हाटेलाच्या उंबऱ्याच्या आत माझं पाऊल पडनार न्हाय. हे आत्ताच सांगतो. जितं मटन शिजतंय तितं मी न्हाय. पर इस्तू माझा. कोळसा मी ठरवनार." माझ्या मागं दाराआड पल्लवी उभी होती. रात्री जेवताना ती मला म्हणाली, "मामा, उद्घाटनाला बाकी कुणी नको मला. नारळ फोडायला पुढारी नको. पहिला विस्तव अप्पांनी आत येऊन पेटवला पाहिजे." मी म्हटलं, "पोरी, तुझा बाप शब्दाचा पक्का आहे." ती म्हणाली, "मीही त्यांचीच आहे." मी आपला भात कालवत बसलो. बाप-लेकीच्या मधे सापडलेल्या माणसानं भात कालवावा, दुसरं काही करू नये.

आणि मग आमच्या गच्चीवर जे सुरू झालं त्याला तोड नाही. बाजारात मिळेल तो कोळसा व्याह्यांनी गोळा केला. बाभळीचा दगडी ढेकळांसारखा कोळसा. नारळाच्या करवंटीच्या कोळशाची भुकटी दाबून केलेल्या चौकोनी ब्रिकेटी. उसाच्या चिपाडाच्या, मधे भोक असलेल्या लांबट ब्रिकेटी, या आपल्या गुऱ्हाळांच्या मुलखातल्याच. आणि रणजितनं ऑनलाइन मागवलेल्या, उशीच्या आकाराच्या, चकचकीत पिशवीतल्या परदेशी थाटाच्या ब्रिकेटी. व्याही या सगळ्यांना सरसकट 'वड्या' म्हणत. तेलाचा डबा कापून, भोकं पाडून त्यांनी एक नळकांडं केलं होतं. त्यात कोळसा भरायचा, खाली कागद पेटवायचा, आणि निखारे पांढुरके झाले की शेगडीत ओतायचे. प्रत्येक कोळशाला तीच शेगडी, तेवढंच वजन, आणि भाजायला मंडईतून स्वतः निवडून आणलेलं, एकाच अंगकाठीचं वांगं. मंडईतल्या बायका त्यांना बघितलं की टोपलीवर पदर टाकायच्या, कारण हे गृहस्थ वांग्यालाही टिचकी मारायचे.

उष्णता मोजायची त्यांची रीत न्यारीच. तळहात निखाऱ्यावर धरायचा आणि 'नमः शिवाय' म्हणायचं. हात भाजून मागं येईपर्यंत किती वेळा म्हणून झालं, त्यावर कोळशाची धग ठरायची. रणजितनं त्यांना उष्णता दाखवणारं यंत्र आणून दिलं. व्याह्यांनी त्याला टिचकी मारली, "प्लॅस्टिक हाय" म्हणाले, आणि पुन्हा हात पुढं केला. कोळसा पेटवायच्या आधी त्यालाही टिचकी असायचीच. चांगला कोळसा भांड्यासारखा खणकतो, हे मला त्यांनीच दाखवलं आणि ते खरंच आहे, कधी वाजवून बघा. पण त्यांचा खरा जीव होता राखेत. रोज पहाटे कपाळावर भस्म ओढणारा माणूस. राख कशी असावी याबद्दल त्यांची मतं फार कडक. प्रत्येक कोळशाची राख त्यांनी स्टीलच्या वाट्यांत भरून कठड्यावर ओळीनं मांडली. चिमटीत घेऊन चोळायचे, हुंगायचे, मनगटावर ओढून बघायचे. "राख बगा, पावणं. पेटल्याला सगळाच कोळसा चांगला दिसतोय. माती मिसळलीया का, चुना घातलाय का, ते राख सांगती." एकदा आमच्या मंडळींनी त्यातली एक वाटी उचलून त्या राखेनं सरळ तवा घासला. व्याह्यांना कळलं तेव्हा आता कानडी सुरू होणार म्हणून मी कान झाकून घेतले. पण ते धावत खाली गेले, तवा उजेडात धरला आणि म्हणाले, "वैनी, नारळाची हुती न्हवं ही? चकाकला बगा कसा!" त्या दिवसापासून प्रत्येक राखेनं आमच्या घरातलं एकेक भांडं घासलं जाऊ लागलं. तेवढा एक फायदा झाला, नाकारत नाही.

कोळशांची गुणवत्ता ते अशी सांगायचे, जणू स्थळांचीच चौकशी चाललीय. बाभूळ? "भांडखोर हाय. पेटतंय झटकन, ठिनग्या लई, आनि वांगं अर्धं व्हायच्या आत थकून बसतंय." चिपाडाची वडी? "ही म्हंजे सोसायटीच्या चेअरमनगत. धूर लई, धग न्हाय. काडा भाईर." ऑनलाइनची चकचकीत उशी? ती लवकर पेटावी म्हणून तिला काहीतरी औषध लावलेलं होतं. वांग्याला रॉकेलसारखा वास आला. ते वांगं व्याह्यांनी स्वतः खाल्लं, सबंध खाल्लं, कारण अन्न टाकायचं नाही, आणि मग दोन दिवस दुकानात ढेकर देत बसले. नारळाची वडी मात्र त्यांना पसंत पडली. धूर नाही, ठिणगी नाही, धग कडक, राख मऊ. "पावणं, ह्यो कोळसा घरंदाज हाय," असं म्हणून त्यांनी निकाल दिला. तोवर एका गुरुवारची भाजलेली वांगी आमच्या घरात पुढच्या गुरुवारपर्यंत पुरायची, म्हणजे रोज भरीत. सकाळी भरीत, संध्याकाळी भरीत. शेजारच्यांना भरीत. शेवटी आम्ही घंटी वाजवली की शेजारी दार उघडेनात.

निकाल लागल्यावर रणजितनं आमच्या गच्चीवर खऱ्या मटणाची रंगीत तालीम ठेवली. मटण शिजणार म्हटल्यावर व्याही अर्थातच वर आले नाहीत. खाली बोळाच्या तोंडाशी पानपट्टीच्या फळीवर, नाकावर उपरणं दाबून बसले. वर नारळाचे निखारे फुलले, रणजितनं मांडीचे तुकडे जाळीवर मांडले, आणि मग मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो. मटणातली चरबी वितळून त्या कडक निखाऱ्यांवर ठिबकली मात्र, भप्पकन कमरेएवढा जाळ वर आला. रणजित मागं सरला, चिमटा पडला, आणि जाळ निवेपर्यंत मटण वरून काळं कुळकुळीत, आतून कच्चं. रणजित आमचा अस्सल कोल्हापूरकर, गुपचूप बोलणं त्याला ठाऊक नाही. कठड्यावरून वाकून तो ओरडला, "अप्पा, पार जळालं ओ! चरबी ठिपकतीया कोळशावर!"

खालून उपरण्याआडून आवाज आला, "चरबी? कसली चरबी?"

"मटनाची की ओ!"

पानपट्टीवरचे चार-पाचजण वर बघायला लागले. व्याही उठून उभे राहिले. एवढे दिवस, एवढे कोळसे, एवढी वांगी. पण वांग्याला कुठली आलीय चरबी? ही गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. यायची कशी? ज्यानं मटण जाळीवर कधी पाहिलंच नाही, त्याला ते भाजताना पाझरतं हे कळायचं कसं? आणि खरं सांगतो, आम्हा मटण खाणाऱ्या गाढवांच्या तरी कुणाच्या ध्यानात आलं होतं? पानपट्टीवरचा एकजण हसला. व्याह्यांनी पिशवी उचलली, चहासुद्धा न घेता ते स्टँडच्या दिशेनं चालू लागले. पल्लवी कठड्याला धरून त्यांच्या पाठीकडं बघत राहिली. म्हणाली, "आता अप्पा यायचे नाहीत, मामा. त्यांना हसलेलं सहन होत नाही." मधली एवढीशी वाट झाली होती, कोळशाची का असेना, तीही बंद झाली असं मला वाटलं. आठवडाभर फोन नाही. तुमच्या सुनेचा खोकलासुद्धा कुणी विचारला नाही.

गुरुवारी सकाळी जिन्यात हाळी आली, "पावणं, हाय का घरात?"

मी धावतच गेलो. एका हातात कोळशाची पिशवी आणि दुसऱ्या हातात, दोन्ही कड्या घट्ट लावलेली, भली मोठी स्टीलची बरणी. टेकवली, झाकण उघडलं. काठोकाठ तूप. मला म्हणाले, "चरबी ठिपकती न्हवं का? मग तूप तरी काय हाय? म्हशीचीच चरबी की, दुधाच्या वाटेनं आल्याली." आणि उपरणं कमरेला बांधून तडक गच्चीवर.

याला म्हणायचं जिद्द. त्यांनी वांगी चिरली, तुपात बुडवली, खोबऱ्याच्या वाट्या तारेत ओवल्या, आणि सगळे कोळसे पुन्हा पहिल्यापासून काढले. टप टप तूप निखाऱ्यावर पडायचं आणि भप्पकन जाळ. अशाच एका जाळात माझी भुवई गेली, मी नुसता "झालं का?" विचारायला वाकलो होतो. गच्चीवरून साजूक तुपाचा असा काही घमघमाट सुटला की अख्ख्या बोळाला वाटलं, आमच्याकडं होम चाललाय. खालच्या आजी पदर घेऊन, हात धुऊन प्रसादाला वर आल्या. व्याह्यांनी त्यांना पानावर वांगं वाढलं आणि त्यांनी ते डोळ्यांना लावून खाल्लं. मटणाच्या कोळशाचा प्रसाद त्या माउलीनं भक्तिभावानं घेतला, आजतागायत तिला हे ठाऊक नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

त्या तुपानं सगळाच निकाल फिरवला. घरंदाज नारळ तुपाचा थेंब पडला की भडकायचा. निखारे एका बाजूला आणि भाजायची वस्तू दुसऱ्या बाजूला ठेवली, तर मात्र तो शहाण्यासारखा वागायचा. झटपट भाजायला तो ठीक, पण तासन्‌तास धुरावर शिजवायला कोण? तर ज्याला चेअरमन म्हणून हाकलून दिलं होतं तो! चिपाडाची वडी. आधी पेटवून, पहिला घाण धूर जाऊ देऊन मग झाकली, तर ती दुपारपासून संध्याकाळपर्यंत एका मंद धगीवर टिकून राहायची. भडकायची नाही, विझायची नाही, आणि धुराला गुऱ्हाळाजवळ येतो तसा एक बारीक गोडसर वास. व्याही ते झाकण उघडून बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी त्या वडीला चक्क हात जोडले. "चुकलं बाबा माझं. तुला मी वळखलंच न्हाय."

मी संधी साधली. म्हटलं, "पावणं, जावयाचंबी असंच असतंय बगा. पयल्यांदा धूरच दिसतोय."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की दुसरी भुवई पण जाते असं मला वाटलं. पण कानडी बोलले नाहीत. दुसऱ्या तालमीला मटण झकास झालं. रणजित कठड्यावरून नाचत, काही झकास जमलं की कोल्हापुरात ओरडतात तसं ओरडला, "जाळ आणि धूर संगटच, अप्पा!" खाली पानपट्टीवरून उत्तर आलं, "तुमच्या सुनंला सांगा, पावणं, जाळ येगळा आनि धूर येगळा! दोनी संगट नगं म्हनून तर मी एवढं केलं!"

उद्घाटनाचा दिवस जवळ आला. भट्टी नवी, जाळ्या नव्या, सगळं कोरं करकरीत. पल्लवी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मामा, पहिल्या दिवशी मटण करायचं नाही."

मी उडालोच. "अगं बाई, हे कोल्हापूर आहे! मटणाचं हॉटेल उघडायचं आणि मटण नाही? लोक खुर्च्या फेकतील."

"फेकू देत. भट्टी अजून कोरी आहे ना? तिच्यावर मटण चढेपर्यंत तो उंबरा कुठल्याही उंबऱ्यासारखाच आहे. एक दिवस तरी अप्पांना आत येता येईल." रणजित शेजारी उभा होता. मला वाटलं, तो तरी काही बोलेल. तो म्हणाला, "वांगी किती लागतील तेवढं विचारा त्यांना." माझं पोरगं मला त्या दिवशी फार आवडलं.

मी फोन लावला आणि सांगितलं. पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. "वांगी तुमी आनू नगासा. तुमाला कळत न्हाईत. मी घिऊन येतो."

आले. उंबऱ्यापाशी थांबले. चपला काढल्या, चौकटीला एक टिचकी मारली, कान लावून ऐकलं, आणि उजवा पाय आत टाकला. पल्लवी भट्टीपाशी उभी होती, नवी साडी नेसून, हातात काडेपेटी धरून. त्यांनी कोळसे वाजवून वाजवून रचले, काडी ओढली, निखारे पांढरे झाल्यावर तळहात पुढं धरून ओठांतल्या ओठांत 'नमः शिवाय' म्हटलं आणि मला म्हणाले, "तुमच्या सुनंला सांगा, ठेव म्हनावं." पहिलं वांगं जाळीवर पडलं.

गिऱ्हाईकांचं म्हणाल तर दंगाच. "आयला, मटनाच्या हाटेलात वांगं?" "पावणं, सत्यनारायण हाय व्हय आज?" एक आडदांड गडी तर, "मी घरातनं भांडून आलोय मटनासाठी," म्हणून हटूनच बसला. पण तुपात न्हालेलं, कोळशावर भाजलेलं वांगं आणि ज्वारीची गरम भाकरी पुढं आली, तसा एकेकजण गप्प होत गेला. तो आडदांड गडी जाताना उरलेलं वांगं बांधून घेऊन गेला. घरी काय सांगितलं असेल, ते तोच जाणे.

व्याही भट्टीजवळच्या खुर्चीवर जेवायला बसले. आमच्या माणसांच्या हातचं, आमच्या पंगतीत ते पहिल्यांदाच जेवत होते. त्यांचं जेवण मोजकं. भाकरी झाली की ताटाला नमस्कार करून उठतात, गप्पा मारत बसणं नाही. त्या दिवशी भाकरी संपली, भरीत संपलं, भाजलेलं मक्याचं कणीस संपलं, ताकही संपलं. पण ते उठेनात. रिकाम्या ताटाकडं बघत राहिले. आणि मग आम्हाला एकेकाला उमजत गेलं. उद्या या भट्टीवर मटण चढणार होतं. हा माणूस एकदा या खुर्चीवरून उठला, की पुन्हा इथं बसायचा नव्हता. हे त्यांना ठाऊक होतं, पल्लवीला ठाऊक होतं. मी उगाचच पाण्याचा जग पुसायला लागलो.

त्यांनी मान वर केली. मी सवयीनं पुढं झालो, निरोप घ्यायला. पण त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही.

"अव्वा," ते म्हणाले, "आनि एक कणीस भाज."

पल्लवीच्या हातातला चिमटा खाली पडला. नवीन फरशीवर खणकन वाजला. तिनं तो उचलला, पाठ फिरवून कणीस जाळीवर ठेवलं आणि पदरानं तोंड पुसत भाजत राहिली. मी म्हटलं, "धूर गेला वाटतं गं डोळ्यात?" तर बापच ओरडला, "माझ्या कोळशाला धूर न्हाय!" आणि मग त्यांचेही डोळे भरून आले. ते कणीस त्यांनी दाणा दाणा सोलून खाल्लं. मग म्हणाले, "अव्वा, अजून एक." मग अजून एक. शेवटी जयसिंगपूरच्या गाडीची वेळ झाली तसे ते उठले. निवलेल्या राखेत बोट बुडवून त्यांनी लेकीच्या कपाळाला लावलं आणि म्हणाले, "ही काय मठातली इभूत न्हवं. पर राख चांगली हाय."

हॉटेल आता छान चालतं. व्याह्यांचा शब्दही तसाच आहे, त्या दिवसानंतर उंबऱ्याच्या आत त्यांचं पाऊल पडलेलं नाही. गुरुवारी आधी आमच्याकडं चहा होतो, आणि मग आम्ही दोघं गारगोटी रोडला जाऊन हॉटेलासमोर, रस्त्याच्या पलीकडं, पंक्चरवाल्याच्या बाकावर बसतो. माझी पोस्टमनची नोकरी मात्र गेली. आता बाप-लेक सगळ्या रहदारीवरून थेट एकमेकांना ओरडून बोलतात. "अव्वा, धूर पांढरा यायलाय, वडी ओली हाय बग!" "बघते अप्पा!" मग ती पदर खोचून रस्ता ओलांडते, त्यांना चहा आणून देते, त्यांच्या सदऱ्यावरचा कोळशाचा डाग झटकते आणि परत जाते. ती दार ओलांडून आत जाईपर्यंत ते बघत राहतात. कधी कधी मला वाटतं, तेवढा रस्ता पार करून त्यांनी एकदा आत जावं.

परवाचीच गोष्ट. भर दुपारी वारं आमच्या दिशेनं फिरलं आणि भट्टीचा सगळा धूर रस्ता ओलांडून बाकावर आला. मी सवयीनं त्यांच्या उपरण्याकडं बघितलं. ते खांद्यावर होतं तसंच होतं.

मी म्हटलं, "पावणं, उपरणं?"

"त्याला काय करायचंय?" ते म्हणाले. "माझ्या कोळशाचा वास हाय त्यो."

खरं सांगायचं तर त्या धुरात कोळसा कुठंतरी तळाशी होता, बाकी सगळं मटणच होतं. त्यांनी समोरच्या दाराकडं बघितलं, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला.